वंगणवाले काका

बरणीचं झाकण घट्ट बसलं की आमच्या घरात एक ठरलेला प्रकार होतो. आधी मी पुढे होतो. झाकणाशी झटतो, तोंड लाल करून घेतो, मग नॅपकिन आणतो, मग बरणी ओट्यावर आपटतो. तेवढ्यात बायको आतून म्हणते, "अरे, काकांनी काय सांगितलं होतं? जोर वाढवायचा नाही, वंगण बदलायचं." आणि कडेने जरासं तेल फिरवून झाकण उघडून दाखवते. हे वाक्य ज्यांचं, ते काका आमच्या नात्यातले कुणी नव्हेत. सिंगापूरला क्लेमेंटीत ज्यांच्या फ्लॅटमधली एक खोली आम्ही भाड्याने घेतली होती, ते घरमालक.

वंगण हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. कुणी दोन सुरांत राग ओळखतो, कुणी वासावरून आंब्याचं गाव सांगतो, तसे काका कुठलाही तेलकट थेंब अंगठ्यात आणि तर्जनीत घेऊन, डोळे मिटून चोळत आणि हे काय आहे, कितपत टिकेल ते सांगत. हा प्रयोग ते मशीनच्या तेलावर करत, खोबरेलावर करत, आणि इथल्या मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी वाढलेल्या मोदकावरच्या तुपावरही त्यांनी तो केला. मोदक ताटात, तूप बोटांत, डोळे मिटलेले. बाईंना वाटलं, काकांनी हात जोडायच्या आधी देवाचं नाव घेतलंय.

"कढवलंय छान," काका म्हणाले, "पण पाणी राहिलंय ह्यात. गंज चढेल."

"कशाला गंज चढेल?" बाईंनी विचारलं.

तोवर काकांचं लक्ष दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीकडे गेलं होतं, आणि उरलेलं तूप कुठे जाणार हे माझ्या लक्षात आलं होतं. बायको म्हणते, बिजागरी नव्हती, पंखा होता. असेल. ही गोष्ट मी सांगायला लागलो की तिच्या दुरुस्त्या सुरू होतात. मी सॉफ्टवेअर टेस्टर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याची फेड घरात चालू असते.

दिसायला काका उंच, वाळलेले, बारा महिने खाकी हाफ पँटमध्ये. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली, आणि समोरच्याशी बोलताना डावा डोळा अर्धा मिटलेला. पहिल्या भेटीत बायकोला वाटलं, हा माणूस डोळा मारतोय. तो डोळा त्यांनी वर्षानुवर्षं नेम धरताना मिटला होता, आता तो आपला आपणच मिटायचा. तरुणपणी ते पुण्याच्या एका कारखान्यात टूल-रूममध्ये होते. तिथून न्यूझीलंडला गेले आणि तिथल्या एका मेंढ्यांच्या फार्मवाल्याने त्यांना लांब पल्ल्याच्या रायफल नेमबाजीचा नाद लावला. ह्या नादात गोळी झाडणं थोडं आणि शेडमध्ये स्टुलावर बसणं फार. कारण खरा शौकीन दुकानातलं काडतूस वापरत नाही. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी तो उचलून आणतो, साफ करतो आणि स्वतःच्या हाताने पुन्हा भरतो. पुढे नोकरीपायी काका सिंगापूरला आले, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले, निवृत्तही झाले. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणत, "ट्रायल घेतल्याशिवाय मी काही फायनल करत नाही, आणि ह्यात कुणी ट्रायल देत नाही."

खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही, नोकरीचा पास कुठला तेही विचारलं नाही. म्हणाले, "गोळी सुटली की पुंगळीचं काय होतं?"

माझं शस्त्रांचं ज्ञान दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापर्यंतचं. मी म्हटलं, "पडते."

"पडते ते झालंच. त्याआधी फुगते! ती फुगलेली पुंगळी पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायची. आता पितळ आणि पोलाद कोरडे भेटले की एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून मध्ये वंगण. कमी लावलंत तर पुंगळी आत अडकणार. ओढायला गेलात की कडा तुटून हातात, बाकीची आत. आणि जास्त लावलंत तर वंगणाला पळायला जागा नाही, ते पितळालाच खड्डा पाडणार. तर बोला साहेब, काय लावाल?"

"ग्रीस?"

काकांनी मिटलेला डोळासुद्धा उघडला. माझ्याकडे बघून घेतलं आणि बायकोकडे वळले. "तुम्ही, ताई?"

"काका, ते नंतर पुसावंही लागत असेल ना?" ती म्हणाली. "मग सहज पुसलं जाईल असं काहीतरी."

"ह्या ताईंना खोली दिली," काका म्हणाले. "तुम्हीही राहा."

सिंगापुरात हत्यारांचा कायदा कडक, आणि काका त्या कायद्याच्या बाबतीत सरकारहून कडक. रायफल, काडतुसं, प्रेस, डाय, सगळं न्यूझीलंडला मित्राच्या शेडमध्ये. वर्षातून एकदा काही आठवडे ते तिकडे जात, तिथल्या एका मॅचमध्ये भाग घेत आणि परत निघताना मित्राला बॅग तपासायला लावत. पँटच्या खिशात चुकून रिकामी पुंगळी राहिलेली नको. मग इकडे उरलेलं वर्ष करायचं काय? तर वंगणाच्या ट्रायल. स्वयंपाकघराच्या मागे सर्व्हिस यार्डमध्ये, वॉशिंग मशीनच्या शेजारी, त्यांनी एक छोटा हातप्रेस बसवला होता. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या साध्या पितळी नळ्यांचे तुकडे ते एका कडक पोलादी कड्यातून दाबून बाहेर काढत. दांड्याला ताणकाटा अडकवलेला. ज्या वंगणाला कमी जोर लागेल आणि नळीवर ओरखडा येणार नाही, ते उत्तम. बाजूच्या रॅकवर डबे, बाटल्या, मधमाशीचं मेण, एरंडेल, साबणाचा चुरा, स्पिरिट. आम्ही कपडे वाळत घालायला बांबू उचलला की काका स्टुलावरून ओरडत, "ताई, मेणावर पाणी टपकवू नका!"

ह्या सगळ्याला त्या वर्षी एक धार आली होती. आदल्या वर्षी मॅचच्या ऐन आदल्या दिवशी मित्राच्या शेडमध्ये काकांची पुंगळी डायमध्ये अडकली. वंगण काकांनी निवडलेलं, मित्राने नको म्हटलेलं. पुंगळी निघता निघेना, डाय निकामी झाली आणि काकांना मॅच उभ्याने बघावी लागली. "त्याने एक शब्द काढला नाही हो," काका सांगत. "चहा दिला. बिस्किट दिलं. बिस्किट देताना हसला."

त्या बिस्किटाचा सूड घ्यायचा म्हणून काका वर्षभर झटत होते. आणि त्याच वर्षी आमच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा होता.

करारात काकांची एक अट होती: खोलीत दोन माणसं, लहान मूल नाही. करार झाला तेव्हा आम्ही ती वाचून हसलो होतो. आता बायकोला पाचवा महिना लागला होता आणि कराराचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं. मी गुपचूप दुसरीकडे चौकशी केली. जुरोंग ईस्टला विचारलं, माझं ऑफिस आंग मो किओला म्हणून तिथेही विचारलं. एजंट फोनवर गोड बोलायचे आणि मग विचारायचे, "कपल ओन्ली, राइट?" मी खरं सांगितलं की उत्तर ठरलेलं. "कपल ओके. बेबी कॅनॉट, लाह." हे 'लाह' इथल्या इंग्रजीत वाक्याच्या शेवटी लागतंच. आख्खा फ्लॅट घेण्याइतकी माझी ऐपत नव्हती. बायकोचं सासर-माहेर दोन्ही पुण्यात, पण तिला नोकरी सोडून इतक्यात परत जायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही इथे एकटं राहून नूडल्सवर दिवस काढायचे नव्हते. म्हणजे काका नाही म्हणाले, तर आमचा संसार दोन देशांत होणार होता.

रोज संध्याकाळी बायको विचारायची, "आज सांगतोस ना?"

मी म्हणायचो, "आज नको. आज साबणाने ओरखडा आलाय."

दुसऱ्या दिवशी मेण जास्त झालेलं असायचं. ती सैल कुर्ते घालत होती, आणि काका तसेही माणसांकडे एकाच डोळ्याने बघत.

मग एका शनिवारी मी चहा करायला स्वयंपाकघरात गेलो, तर ओट्यावर ट्यूबा मांडलेल्या. एकीला एक लागून, सैनिकांसारख्या रांगेत. प्रत्येक ट्यूबवर बाळाला कुशीत घेतलेल्या आईचं चित्र. मी एक उचलून वाचली. अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी लावायचं मलम होतं ते. मी तसाच खोलीत पळालो.

"त्यांना कळलंय!" मी म्हटलं. "काकांना कळलंय, आणि बघ, बोलले काही नाहीत, पण तुझ्यासाठी आणून ठेवलंय!"

बायकोने ओट्यापर्यंत येऊन बघितलं. "इतक्या? अरे, मला एक मूल होणारे."

"माणूस एकटा राहिलेला आहे. त्यांना काय माहीत किती लागतं? मन बघ ना."

"थांब जरा," ती म्हणाली. "मला हे पटत नाहीये."

पण मी थांबणारा नव्हतो. मला एकदा भरून आलं की मी कुणाचं ऐकत नाही. लिटिल इंडियातून आणलेल्या पेढ्यांचा पुडा शिल्लक होता, तो घेतला आणि सर्व्हिस यार्डमध्ये गेलो. काका स्टुलावर पाठमोरे बसले होते. मी पुढे जाऊन वाकून नमस्कार केला. ते दचकून पाय वर घेऊन बसले.

"काका," मी म्हटलं, "आमच्या आईवडिलांनी केलं नसतं इतकं केलंत. आम्ही उगाच घाबरत होतो. तुम्ही न सांगता समजून घेतलंत, आणि तेही अशा रीतीने... मला तर बोलताही येत नाहीये." असं म्हणून मी बराच वेळ बोललो. परक्या देशात माणूस माणसाला कसा भेटतो, इथवर पोचलो होतो.

"कशाबद्दल चाललंय हे?" काकांनी विचारलं.

"बाळाबद्दल."

"कुणाच्या?"

मी त्यांच्या हातांकडे बघितलं. काकांच्या एका हातात पितळी नळी होती आणि दुसऱ्या हातात तीच ट्यूब. नळीवर मलमाचा पातळ, चकचकीत थर होता. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग ट्यूबकडे, आणि बहुधा पहिल्यांदाच तिच्यावरचं चित्र नीट निरखलं.

"हे लॅनोलिन आहे," ते सावकाश म्हणाले. "मेंढीच्या लोकरीतली चरबी. शंभर टक्के शुद्ध. सिंगापुरात एवढं शुद्ध फक्त ह्याच ट्यूबमध्ये मिळतं. पुंगळ्यांसाठी आणलंय मी."

मागे दारात बायको उभी होती. ती सांगते की मी त्या क्षणी पेढ्यांचा पुडा पाठीमागे लपवला. मला आठवत नाही, पण तसं मी केलं असेन.

"कितवा महिना, ताई?" काकांनी विचारलं.

"पाचवा."

काकांनी नळी कड्यावर ठेवली, दांडा ओढला. नळी लोण्यातून जावी तशी आरपार गेली. एरवी अशा वेळी ते ओरडून सगळ्यांना बोलावत. त्या दिवशी त्यांनी ती नुसती पुसली.

"करारात दोन माणसं आहेत," ते म्हणाले. "मला विचार करावा लागेल."

काकांचा विचार म्हणजे ट्रायल, हे आम्हाला माहीत होतं. पण जन्मलेल्याच नसलेल्या मुलाची ट्रायल कशी घेणार? काकांनी घेतली. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक चिनी आजी राहायची, तिच्याकडे सहा-सात महिन्यांचा नातू होता. दोन दिवसांनी मी ऑफिसातून आलो तर काका कॉरिडॉरमध्ये तिच्या बंद दाराला कान लावून, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे. दार उघडलं आणि आजी बाहेर आली.

"अंकल, व्हाय यू स्टँड आउटसाइड? कम इन, लाह!"

"नो, थँक यू," काका म्हणाले. "आय ॲम ओन्ली लिसनिंग."

घरात आल्यावर त्यांनी बायकोला निष्कर्ष सांगितला. "रडणं सलग नसतं. मध्ये गॅप असतो."

"असतो, काका," बायको म्हणाली.

"तेवढ्यात दोन नळ्या होतात." एवढं बोलून ते पुढे गेले. ह्यातून हो समजायचं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

बायको माझ्याहून धीट. तिने त्याच रात्री जेवताना सरळ विचारलं, "काका, तुम्हाला मुलं आवडत नाहीत का?"

काकांनी पोळीचा तुकडा तसाच हातात धरला. म्हणाले, आधी एक कुटुंब राहायला होतं, त्यांना रांगणारा मुलगा होता. एक दिवस त्याने खाली पडलेला पितळी नळीचा तुकडा उचलून तोंडात घातला. काकांनी बोट घालून काढला. मुलाला काही झालं नाही, तो हसत होता. "पण माझा हात, ताई, त्या दिवसापासून महिनाभर थांबला नाही. तिकडे गेलो तेव्हा नेमच लागेना. मुलं चांगलीच असतात. हे घर मुलासाठी केलेलं नाही. आणि प्रेस मी काढणार नाही, ते तुम्ही मला सांगूही नका."

"मी नाहीच सांगणार," बायको म्हणाली. "पण काका, घर आधीच मुलासाठी केलेलं कुणाचंच नसतं. आमच्या आईच्या घरात शिलाई मशीन होतं, सुया होत्या, रॉकेलचा स्टोव्ह होता. आम्ही दोघी बहिणी तिथेच वाढलो."

"स्टोव्ह कुठे ठेवला होता?"

"वर."

"किती वर?"

"आमचा हात पोचणार नाही इतका."

काका परत जेवायला लागले. मी टेबलाखालून बायकोला पाय लावून विचारलं, काय झालं? तिने मला उलट पाय मारला. अजूनही ती सांगते की मला तेव्हा काही कळलं नव्हतं, आणि ह्या एका बाबतीत तिची दुरुस्ती बरोबर आहे.

पुढच्या आठवड्यात ट्यूबा संपल्या आणि काका मला बरोबर घेऊन औषधांच्या दुकानात गेले. आदल्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने फार प्रश्न विचारले म्हणे, तेव्हा सोबतीला कुणी असलेलं बरं. त्यांनी रॅकवरच्या होत्या तेवढ्या सगळ्या ट्यूबा उचलल्या. मुलीने हसून आमच्याकडे बघितलं.

"काँग्रॅच्युलेशन्स, अंकल! ग्रँडचाइल्ड आ?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "नो. फॉर ब्रास," ते म्हणाले.

मुलीचं हसू जागच्या जागी थांबलं. मी घाईने मध्ये पडलो. "माय वाइफ इज एक्स्पेक्टिंग."

"ओ! देन व्हाय अंकल बाय सो मेनी?"

"टेस्टिंग," काका म्हणाले.

तिने पुढे काही विचारलं नाही. पिशवी मात्र आमच्याकडे जरा लांबूनच सरकवली.

परत येताना आमच्या ब्लॉकच्या खालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, एक बाई बाळाला चटईवर सोडून बसली होती. बाळ रांगत दगडी बाकाशी आलं, बाकाच्या कडेला धरून उभं राहिलं आणि वर ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीकडे हात करायला लागलं. काका थांबले. डावा डोळा पूर्ण मिटला. बाळ गेलं तसे ते बाकापाशी गेले आणि आपला हात बाकापासून वर धरून, बोटं पसरून वीत मोजली.

"अजून एक वीत ठेवू," ते स्वतःशीच म्हणाले. मग मला, "उडी कधी मारायला लागतात?"

"उशिरा, काका," मी म्हटलं. मला काडीची माहिती नव्हती.

रविवारी सकाळी ड्रिलच्या आवाजाने आम्ही जागे झालो. सर्व्हिस यार्डमध्ये जाऊन बघतो तर डबे, बाटल्या, नळ्या सगळ्या टेबलावर उतरवलेल्या, आणि काका स्टुलावर चढून रॅक काढून वर बसवत होते. प्रेसभोवती त्यांनी जाळीचं दार केलं होतं. दाराला कडी, कडीला कुलूप. जमिनीवर झाडू मारलेला, आणि त्यावर चुंबक फिरवलेला, पितळ चुंबकाला चिकटत नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं तरी.

"काका," बायकोने विचारलं, "म्हणजे आम्ही राहायचं ना?"

काकांनी तोंडातला स्क्रू काढला. "मग ही भोकं मी कुणासाठी पाडतोय?"

बायको रडायला लागली. काकांनी तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "असू दे. गॅप येईल."

मुलगी झाली. आम्ही हॉस्पिटलमधून घरी आलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकांनी दारावर टकटक केली. मी दार उघडलं तर ते आमच्याकडे पाठ करून उभे, हात मागे, हातात एक ट्यूब. "ताईंना द्या," ते समोरच्या भिंतीला म्हणाले. "चित्रात आहे त्या कामासाठी. आणि त्यांना सांगा, पातळ लावायचं. जास्त लावून फायदा नसतो." कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बायको आतून ओरडली, "थँक यू, काका! पुसायला सोपं आहे का?" काका पळाले.

त्या वर्षी ते लॅनोलिनच्या ट्यूबांनी भरलेली बॅग घेऊन न्यूझीलंडला गेले. शेडमध्ये मित्रासमोर त्यांनी ती उघडली. ट्यूबमधलं लॅनोलिन स्पिरिटमध्ये विरघळवायचं, पुंगळ्यांवर फवारायचं आणि, हे महत्त्वाचं, स्पिरिट उडून जाईपर्यंत घाई न करता बसून राहायचं. काका म्हणायचे, अर्ध्या पुंगळ्या वंगणाने नाही, उतावीळपणाने अडकतात. एकही पुंगळी अडकली नाही. सगळ्या मापात, एकीलाही खड्डा नाही. मित्राने पुंगळ्या बघितल्या, रिकाम्या ट्यूबा बघितल्या, मग शेडचं दार उघडून बाहेर बोट दाखवलं. "ह्या एवढ्या मेंढ्या माझ्या दारात उभ्या आहेत," तो म्हणाला, "आणि तू हे सिंगापूरच्या दुकानातून विकत आणलंस?" मॅचमध्ये काकांचा नंबर मधेच कुठेतरी आला. ते त्यांनी आल्यावर आम्ही विचारल्यावर सांगितलं. आपण होऊन सांगितलं ते हे की ह्या खेपेला बिस्किट त्यांनी मित्राला दिलं.

आम्ही त्या खोलीत मुलगी शाळेच्या वयाची होईपर्यंत राहिलो. रॅक मुलीबरोबर वाढत गेलं. ती धरून उभी राहायला लागली, रॅक वर गेलं. खुर्ची ओढायला शिकली, आणखी वर गेलं. पुढे पुढे तर ते छताला टेकलं आणि खाली उजळणीतल्या आकड्यांसारखी जुन्या भोकांची एक उभी ओळ राहिली. इतरांच्या घरी मुलांची उंची दारावर पेन्सिलने मांडतात, आमच्याकडे ती ड्रिलने मांडलेली होती. काकांचा उजवा खांदा तोवर दुखायला लागला होता, त्यामुळे एक डबा काढायचा तर स्टुलावर चढून डाव्या हाताने चाचपडावं लागे. मुलगी खाली स्टूल धरून उभी राहायची.

"आजोबा, केअरफुल, लाह," ती म्हणायची. "व्हाय यू पुट सो हाय?"

"कारण तू उंच आहेस," काका वरून सांगायचे.

मग आमचा जुरोंग ईस्टला स्वतःचा फ्लॅट झाला. सामान हलवायच्या दिवशी मी म्हटलं, "काका, आता रॅक खाली घेऊ या. तुमच्या हाताला येईल असं बसवून देतो." मी ड्रिलही हातात घेतलं होतं. कुठल्या बाजूने धरायचं हे बघत होतो.

"थांबा," काका म्हणाले, कारण त्यांचा फोन वाजत होता. फोन एजंटचा होता. खोलीसाठी त्याच्याकडे एक जोडपं होतं, पुण्याचंच, नवरा बँकेत. फोन स्पीकरवर होता, काकांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते हल्ली सगळं स्पीकरवरच ऐकत.

"बट अंकल, दे गॉट वन किड," एजंट चाचरत म्हणाला. "आय नो यू डोंट लाइक. कॅन ऑर कॅनॉट?"

बायको खोके बांधायची थांबली. मी ड्रिल खाली ठेवलं. काकांनी डावा डोळा मिटला, छताजवळच्या डब्यांकडे बघितलं, मग खालच्या भोकांच्या ओळीवरून नजर हळूहळू उतरवत आणली.

"हाउ टॉल?" त्यांनी विचारलं.